आरव्हीने अलास्का: गाडी ठरवण्याआधी आई-बाबांचे पासपोर्ट उघडून बघा

एप्रिल-मे उजाडला की बेळगाव, म्हापसा, इंदूर, बडोदा, हैदराबादहून अमेरिकेच्या विमानात बसणाऱ्यांत मराठी आई-बाबा हमखास दिसतात. मुलगा सिएटलला, नाहीतर मुलगी पोर्टलंडला. सहा महिन्यांचा मुक्काम. नातवंडांचं कौतुक, जवळचे धबधबे, मॉल हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकतं आणि मग एखाद्या शनिवारी जेवताना टूम निघते: आरव्ही, म्हणजे घरासारखी गाडी, भाड्याने घ्यायची आणि रस्त्याने थेट अलास्का गाठायचं. सगळ्यांना एकदम पटतं. बाबा नकाशा उघडतात, सूनबाई गाडीच्या आतले फोटो दाखवते, आणि त्याच रात्री गाडीचे आगाऊ पैसेही भरून टाकले जातात.

क्रम इथेच चुकतो. अलास्का हा अमेरिकेचाच भाग असला तरी अमेरिकेच्या मुख्य भूमीला तो कुठेच चिकटलेला नाही. मध्ये कॅनडा आहे. सिएटलहून अलास्का हायवेने अँकरेजला जायचं तर अंतर सुमारे ३,९०० किमी. बेळगावहून श्रीनगरला जाऊन परत ग्वाल्हेरपर्यंत यावं, साधारण तेवढं, आणि हे फक्त जाण्याचं. त्यातला सिंहाचा वाटा कॅनडात. खुद्द अलास्का हायवे आजच्या मोजणीने २,२३२ किमीचा आहे. तो ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो, युकॉनमधून जातो आणि अलास्कात डेल्टा जंक्शनला संपतो. अलास्कातला त्याचा तुकडा जेमतेम सव्वातीनशे किमी.

म्हणजे ज्या प्रवासाला घरात ‘अलास्काची ट्रिप’ म्हणतात, तो खरं तर कॅनडाचा प्रवास आहे. आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून कॅनडात जाता येत नाही.

नाके चार, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा

सीमाभागातल्या माणसाला नाका नवीन नाही. कोविडच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर एका कागदापायी परत फिरलेली मंडळी निपाणी-कोल्हापूरकडे आजही भेटतील. या प्रवासात असे नाके चार लागतात: अमेरिकेतून कॅनडात, कॅनडातून अलास्कात, अलास्कातून पुन्हा कॅनडात आणि कॅनडातून घरी. गाडीत पाच माणसं असली तर पाचही जणांची कागदपत्रं वेगवेगळ्या जातीची असू शकतात. गोंधळ होतो तो त्यामुळे.

नातवंडं अमेरिकेत जन्मलेली असतील तर अमेरिकी नागरिक. पासपोर्ट असला की त्यांचं काम भागतं. ग्रीन कार्ड असलेल्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण चालू मुदतीचा पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. एच-१बीवर असलेल्या मुलाला किंवा सुनेला मात्र कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. आणि पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांनाही लागतो. विमानाने कॅनडात उतरताना काही देशांच्या लोकांना जी ऑनलाइन परवानगी चालते, त्या देशांच्या यादीत भारत नाही.

हा व्हिसा अमेरिकेत बसूनही मागता येतो. पण तिथून बोटांचे ठसे द्यायला जा, मग पासपोर्ट पाठवा, तो परत यायची वाट बघा, असं करता करता उन्हाळाच संपतो. त्यापेक्षा गावाहून निघण्याआधीच बेंगळुरू किंवा मुंबईच्या केंद्रातून तो करून घेणं शहाणपणाचं. अमेरिकेचं तिकीट काढताना मुलांनी नुसतं विचारलं, ‘यंदा अलास्काचा विचार आहे का?’, तरी पुढचे दोन महिने वाचतात. व्हिसा आल्यावर त्यावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, ते बघावं. कॅनडात दोनदा शिरायचं आहे.

आई-बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सोडून चालत नाही. अमेरिकेत उतरताना किती तारखेपर्यंत राहायची परवानगी मिळाली, ते आय-९४ या नोंदीत असतं. कॅनडात जाऊन आलं की सहा महिने नव्याने सुरू होतात, अशी एक समजूत बऱ्याच घरांत आहे. तसं धरून चालू नये. शेजारच्या देशात थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येणाऱ्याला सहसा उरलेल्या मुदतीसाठीच आत घेतात, आणि शेवटचा शब्द नाक्यावरच्या अधिकाऱ्याचा. त्यामुळे मुदत संपायला पंधरा दिवस उरलेले असताना महिन्याभराच्या प्रवासाला निघणं म्हणजे स्वतःहून घोळ ओढवून घेणं.

मुलाच्या पासपोर्टवरचा एच-१बीचा शिक्का संपलेला असेल, पण आय-९४ चालू असेल, तर कॅनडात ३० दिवसांपर्यंत राहून परत यायची सवलत अमेरिकेच्या नियमात आहे. मात्र त्या दरम्यान नवीन व्हिसासाठी अर्ज केला तर ही सवलत हातची जाते. शिवाय ही सवलत अमेरिकेची. कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतोच. असले नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवर पुन्हा एकदा नजर टाकलेली बरी.

बाबा गाडी चालवणार असतील तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून आधीच काढावं लागतं. ते वर्षभर चालतं आणि मूळ लायसन्ससोबतच ग्राह्य धरतात. ब्रिटिश कोलंबियात पाहुण्याला मायदेशाच्या लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते. पण भाड्याने गाडी देणारी कंपनी काय म्हणते हा निराळा प्रश्न. दुसरा चालक म्हणून नाव लिहून घेतलं नसेल आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि ही साडेसात-आठ हजार किमीची गाडी एकट्या मुलाने हाकायची, हे ठरवतानाच चुकीचं आहे.

महिना कोणता आणि दिवस किती

रस्ता बाराही महिने चालू असतो. आरव्हीने जायचं तर मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्याच्या अलीकडे-पलीकडे सरकारी कॅम्पग्राउंड बंद असतात, वाटेतले छोटे पंप आणि लॉज कुलूप लावून गेलेले असतात आणि गाडीतल्या पाण्याच्या नळ्या गोठतात.

जूनमध्ये फेअरबँक्सला जवळपास २२ तास उजेड असतो. गाडी चालवायला हे सोयीचं, झोपायला नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे लागतात. डास मात्र जून-जुलैत असे असतात की गोव्याच्या पावसाळ्यातले परवडले. आणि घरोघरी होणारी एक निराशा आधीच सांगून टाकलेली बरी: जून-जुलैत उत्तरेचा प्रकाश दिसत नाही. तो आकाशात असतो, पण अंधारच पडत नाही तर दिसणार कसा? त्यासाठी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. तेव्हा डास कमी झालेले असतात, युकॉनच्या डोंगरांवर पिवळा-लाल रंग चढायला लागतो, गर्दीही ओसरते. अडचण एकच: तेव्हा इकडे गणपती येऊ घातलेले असतात, आणि आईने परतीचं तिकीट चतुर्थीच्या आधीचं काढलेलं असतं.

दिवसांचा हिशोब कागदावर मांडला की बरेच बेत तिथेच गळतात. सिएटल-अँकरेज-सिएटल सुमारे ७,८०० किमी. फेअरबँक्स आणि इकडची-तिकडची ठिकाणं धरली तर साडेआठ हजारांच्या पुढे. आरव्ही ही मोटार नव्हे. चहा, डिझेल-पेट्रोल, रस्त्याची कामं हे सगळं धरून सरासरी ताशी ६० किमी पडली तर नशीब. दिवसाला ३५० किमी म्हणजे सहा तास चाकावर. या हिशोबाने नुसता प्रवासच २२ ते २४ दिवसांचा होतो, आणि त्यात एकही दिवस कुठे थांबून तळ्याकाठी बसायला नाही. महिनाभराची सवड नसेल तर जाऊन-येऊन सगळा रस्ता करायचा हट्ट सोडावा.

त्याला दोन पर्याय आहेत आणि दोन्ही चांगले. एक, व्हँकुव्हरहून विमानाने व्हाइटहॉर्सला उतरून तिथे आरव्ही घ्यायची आणि क्लुएन सरोवरापासून अलास्कापर्यंतचा उत्तरेचा निम्मा रस्ता दोन आठवड्यांत निवांत करायचा. सत्तरीच्या पुढचे आई-बाबा बरोबर असतील तर हाच रस्ता धरावा. दक्षिणेचा पहिला भाग सुंदर आहे, पण तो वगळला तर काही बिघडत नाही. दुसरा, परत येताना हेन्स किंवा स्कॅग्वे बंदरातून अलास्का सरकारच्या फेरीवर गाडी चढवायची आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला उतरायचं. भाडं गाडीच्या लांबीवर असतं आणि जागा महिनोन् महिने आधी संपतात.

गाडी केवढी

मराठी कुटुंबं साधारणपणे ज्याला ‘क्लास सी’ म्हणतात ती गाडी घेतात: पुढे ट्रकसारखी केबिन, तिच्या डोक्यावर एक पलंग, मागे ओटा, फ्रीज, मोरी-संडास आणि आणखी एक पलंग. लांबी २४ ते ३० फूट, म्हणजे एसटीच्या बसपेक्षा आखूड. सहा माणसं झोपतील असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. चार मोठी माणसं नीट झोपली तरी पुष्कळ. आई-बाबांना डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढवायचं नाही, तेव्हा मागचा पलंग त्यांचा, हे गाडी निवडतानाच ठरवावं.

भाड्याच्या करारात तीन गोष्टी शोधून वाचाव्यात. गाडी अलास्का-युकॉनला न्यायची वेगळी परवानगी लागते का. बऱ्याच कंपन्यांना ती आधी हवी असते. कच्च्या रस्त्यांवर बंदी आहे का. बहुतेक करारांत डेम्पस्टर, डाल्टन, टॉप ऑफ द वर्ल्ड यांसारख्या खडीच्या रस्त्यांची नावं घालून मनाई असते. आणि मैलांचे पैसे भाड्यात धरलेत की वरून. साडेआठ हजार किमीला हा आकडा भाड्याइतकाच फुगू शकतो. काच, टायर, गाडीचं पोट आणि छप्पर यांचं नुकसान पुष्कळदा विम्याबाहेर असतं. या रस्त्यावर काचेला खडा लागणं ही अपवादाची गोष्ट नाही. मुलाच्या रोजच्या मोटारीचा विमा किंवा क्रेडिट कार्डवरचं संरक्षण आरव्हीला लागू आहे असं मानू नये.

गाडीतलं पाणी हा घरोघरी भांडणाचा विषय. ताज्या पाण्याची टाकी दीडशे लिटरच्या आसपास. पाळीने येणाऱ्या नळावर ज्यांनी संसार केला त्या आई-बाबांना हे चटकन कळतं. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहायची सवय असलेल्या नातवंडांना नाही. सांडपाण्याची एक टाकी, संडासाची दुसरी. दोन्ही ठरावीक ठिकाणी नळी लावून रिकाम्या करायच्या असतात, आणि संडासाची आधी, मोरीची नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून उभा राहिलेला मुलगा चौथ्या दिवशी सराईत होतो.

फोडणीचं म्हणाल तर गाडी एवढी लहान की मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो. पंखा आणि खिडकी आधी उघडावी. बाहेर चूल मांडून बांगडे तळायचा मोह अस्वलांच्या मुलखात आवरावा. जेवण झालं की भांडी, खरकटं, कचरा सगळं आत, नाहीतर कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत.

रस्ता असा लाटांसारखा का

हा रस्ता पर्यटनासाठी झालेला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्का एकाकी असल्याचं अमेरिकेच्या ध्यानात आलं. मार्च १९४२ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर पलटणी कामाला लागल्या, दहा हजारांवर सैनिक, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दोन्हीकडून येणाऱ्या तुकड्या बीव्हर क्रीकपाशी एकमेकांना भिडल्या. आठ महिन्यांत. सात रेजिमेंटपैकी तीन कृष्णवर्णीय सैनिकांच्या होत्या. गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या या पलटणींच्या कामाची दखल बरीच उशिरा घेतली गेली. सामान्य लोकांसाठी रस्ता खुला झाला तो १९४८ मध्ये.

त्या वेळी केलेली एक चूक आजही गाडीत बसून जाणवते. उत्तरेकडे जमीन कायम गोठलेली असते. वरचं शेवाळ आणि झाडोरा तिला गोधडीसारखा झाकून ठेवतो. बुलडोझरने ही गोधडी खरवडून काढल्यावर ऊन लागलं, खालचं बर्फ वितळलं आणि ट्रक चिखलात रुतायला लागले. मग वरचा थर तसाच ठेवून त्यावर ओंडके आडवे टाकून रस्ता काढावा लागला. आज वर डांबर आहे, तरी डिस्ट्रक्शन बेपासून अलास्काच्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यात जमीन गोठते, फुगते, वितळते, खचते. रस्ता लाटांसारखा होतो. मोटार त्यावर डुलते. आरव्हीची मागची शेपटी जमिनीला घासते, कपाटं उघडतात आणि डबे अंगावर येतात. इथे वेग ५०-६० च्या वर नको. कडेला लहान झेंडा किंवा खूण दिसली की पाय ब्रेकवर.

मधले टप्पे

सिएटलहून प्रिन्स जॉर्ज आणि तिथून पाइन खिंडीतून डॉसन क्रीक. इथपर्यंत दुकानं, दवाखाने, मोबाइल सगळं मिळतं. फोर्ट सेंट जॉन मागे पडलं की वस्ती पातळ होते. फोर्ट नेल्सननंतर खरा रस्ता सुरू होतो. तिथून वॉटसन लेक पाचशे किमीच्या पुढे, आणि सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा पट्टा हाच. समिट लेकपाशी हायवेचा सर्वांत उंच बिंदू, १,२९५ मीटर. लेह-मनालीच्या मानाने ही उंची काहीच नाही; दम लागत नाही, हा आई-बाबांसाठी मोठा दिलासा. मग हिरव्या-निळ्या पाण्याचं मंचो लेक, त्याच्या काठाने वळत जाणारा रस्ता, रस्त्यावर मीठ चाटायला आलेली रानमेंढरं. पुढे लिआर्ड नदीजवळचे गरम पाण्याचे झरे. लाकडी पायवाटेने दलदल ओलांडून जायचं आणि ४२ अंशांच्या वर असलेल्या पाण्यात बसायचं. वज्रेश्वरीची आठवण येईल, पण इथे भोवती स्प्रूसचं रान आहे. या भागात रानगवे हायवेच्या कडेला कळपाने चरतात. संध्याकाळी त्यांचा काळा रंग डांबरात मिसळून जातो, म्हणून अंधुक उजेडात गाडी हाकू नये.

हा पट्टा एका दिवसात उरकणारे पुष्कळ असतात. दोन रात्री द्याव्यात. महिन्याभराच्या प्रवासात दोन दिवस कुठे वाढवायचे असतील तर ते इथेच.

वॉटसन लेकला हजारो गावांच्या पाट्यांचं एक जंगलच आहे. १९४२ मध्ये घरची आठवण येणाऱ्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, तिथून हे सुरू झालं. पाटी घरून करून न्यावी. तिथे जाऊन पुठ्ठा शोधत बसायला लागू नये. मराठीत करायची की इंग्रजीत, यावरून बेळगावकरांना तिथे कोणी अडवणार नाही.

व्हाइटहॉर्स ही युकॉनची राजधानी. मोठी दुकानं, इस्पितळ, गाडी दुरुस्ती, कपडे धुणं, सगळं इथे आटपून घ्यावं. पुढे हेन्स जंक्शन आणि मग क्लुएन सरोवर. २०१६ मध्ये इथे एक विलक्षण गोष्ट घडली. कास्कावुल्श हिमनदी मागे सरली आणि तिचं वितळलेलं पाणी, जे या सरोवरात यायचं, ते काही आठवड्यांत दुसऱ्याच नदीकडे वळलं. सरोवराची पातळी खाली गेली. वारा असला की उघड्या पडलेल्या नदीपात्रातून धुळीचे लोट उठताना हायवेवरूनच दिसतात.

बीव्हर क्रीकपुढचा अमेरिकेचा नाका चोवीस तास उघडा असतो. घड्याळ तिथे उन्हाळ्यात एक तास मागे जातं, फलक किलोमीटरवरून मैलांवर येतात आणि पेट्रोल लिटरऐवजी गॅलनमध्ये. नाक्यावर फळं, मांस, झाडपाला विचारतात. खोटं बोलू नये. ओला कढीपत्ता अमेरिकेत न्यायला मनाई आहे, मग तो सरेच्या देशी बाजारातून प्रेमाने घेतलेला का असेना. वाळवलेले मसाले, मेतकूट, डाळी यांचा प्रश्न सहसा येत नाही, पण डब्यावर काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलं असावं.

पंप बंद असला तर

अशा गाडीला लिटरमागे चार किमी मिळाले तर ठीक म्हणायचं. साडेआठ हजार किमीला २,१०० लिटरच्या वर इंधन. भावाने गुणाकार करून तो आकडा घरातल्या सर्वांना आधीच दाखवावा. नंतर भांडण नको. टाकी २०० लिटरच्या आसपास, म्हणजे कागदावर आठशे किमी. मग काळजी कसली? एक तर गाडीतला जनरेटर त्याच टाकीतून पितो, आणि टाकी पाव भागावर आली की बंद पडतो. तशी सोयच केलेली असते. दुसरं, चढ आणि समोरचा वारा. तिसरं, नकाशावर दिसणारा पंप त्या वर्षी चालूच असेल याची खात्री नाही. टाकी निम्म्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरायची, भाव बघायचा नाही, हा या रस्त्यावरच्या जुन्या लोकांचा रिवाज आहे. ‘द माइलपोस्ट’ नावाचं मैलामैलाची नोंद देणारं पुस्तक १९४९ पासून निघतं; यंदाची आवृत्ती छापील घ्यावी. मोबाइलला शेकडो किमी रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधी उतरवून ठेवावे लागतात, आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने का होईना घ्यावं.

मे २०२४ मध्ये वणव्यामुळे फोर्ट नेल्सनमधल्या काही हजार लोकांना गाव सोडावं लागलं आणि परतायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. असं झालं की दक्षिणेच्या भागाला कॅसिअर हायवेचा पर्याय असतो. तो पश्चिमेकडून येऊन वॉटसन लेकजवळ मिळतो आणि अंतरही थोडं कमी पडतं. पण व्हाइटहॉर्सच्या पुढे दुसरी वाट डॉसन सिटीवरून जाते, तीही खडीची, उन्हाळ्यापुरती, आणि भाड्याच्या करारात बहुधा मनाई असलेली. म्हणून वेळापत्रकात तीन दिवस रिकामे ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. परतीचं भारताचं विमान आरव्ही परत द्यायच्या दुसऱ्याच दिवशी असू नये. रोज सकाळी निघण्याआधी ड्राइव्ह-बीसी, ५११ युकॉन आणि ५११ अलास्का या सरकारी सेवांवर रस्त्याची स्थिती बघता येते.

आई-बाबांच्या औषधांचा साठा प्रवासापेक्षा दहा दिवस जास्तीचा, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन गाडीतल्या फ्रीजमध्ये राहतं. भारतातून काढलेला आरोग्य विमा फक्त अमेरिकेपुरता आहे की कॅनडा धरून, आणि आधीपासूनचे आजार त्यात आहेत का, हे पॉलिसीवर वाचून घ्यावं. वाटेत इस्पितळं फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक आणि व्हाइटहॉर्सला आहेत. व्हाइटहॉर्सच्या पुढे सीमेपर्यंत लहान आरोग्य केंद्रं, जिथे बहुतेकदा नर्स असते. ज्यांची अँजिओप्लास्टी अलीकडेच झाली आहे अशांनी या उन्हाळ्यात सिएटललाच थांबून पुढच्या वर्षी व्हाइटहॉर्सला विमानाने जावं. कॅनडाचा व्हिसा एकदा करून ठेवला असेल तर बहुतेकदा तो तोपर्यंत चालू असतो.